दीनांचे सांगाती डॉ. मार्टिन ल्यूथर किंग

थोर पुरुषांचीं जीं चरित्रें आपण शाळेंत वाचतों तीं बहुधा त्यांच्या विजयापाशीं येऊन थांबतात. राजानें राज्य जिंकलें, शास्त्रज्ञानें शोध लाविला, सेनापतीनें गड सर केला, कीं चरित्र संपलें. परंतु कांहीं पुरुष असे असतात कीं, लौकिक विजय पदरीं पडल्यावरच त्यांच्या खऱ्या कसोटीस आरंभ होतो. मानसन्मान मिळाल्यावर ते स्वस्थ बसते तर जगानें त्यांस दोष दिला नसता; तरीही ते उठतात आणि पुन्हां धुळींत उतरतात. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचे पुढारी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग हे अशांपैकीं एक होत. त्यांनीं वर्णभेदाविरुद्ध लढा दिला हें आमच्या शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु आयुष्याच्या शेवटच्या काळांत सर्व वर्णांच्या दरिद्री लोकांस एकत्र आणण्याचा जो उद्योग त्यांनीं आरंभिला व जो करीत असतांच त्यांनीं प्राण ठेविले, त्याची माहिती पुष्कळांस नसते. तीच या लेखांत मुख्यतः सांगण्याचा विचार आहे.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहरीं झाला. त्यांचे वडील तेथील एबेनेझर बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक होते आणि त्यांच्यापूर्वीं मातामहांनीं त्याच मंडळीची सेवा केली होती. घरीं अन्नवस्त्राची ददात नव्हती. परंतु वडिलांचें बालपण दुसऱ्याची जमीन वाट्यानें कसणाऱ्या कुळाच्या घरांत गेलेलें असल्यामुळें दारिद्र्य म्हणजे काय तें त्या कुटुंबास ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होतें. मार्टिन पांच वर्षांचा असतांना देशांत मोठी मंदी आलेली होती. भाकरीसाठीं रस्त्यावर तिष्ठत उभ्या असलेल्या लोकांच्या रांगा पाहून हे लोक येथें कां उभे आहेत, असा प्रश्न त्यानें आईबापांस केला. ती आठवण पुढें तरुणपणींही त्यांच्या मनांतून गेली नाहीं, असें त्यांनीं विद्यार्थिदशेंतच लिहून ठेविलें आहे. त्याच सुमारास एका गोऱ्या सवंगड्याच्या आईबापांनीं त्याच्याशीं खेळणें बंद करविलें. बालमन दुखावलें. आईनें मुलास जवळ बसवून गुलामगिरीचा सर्व इतिहास सांगितला आणि तूं कोणाहूनही कमी नाहींस हें त्याच्या मनावर बिंबविलें.

बुद्धि तीव्र असल्यामुळें वयाच्या पंधराव्या वर्षींच तो अटलांटांतील मोरहाउस कॉलेजांत दाखल झाला. सुटींत त्यानें एका कारखान्यांत काम केलें. तेथें गोरे व कृष्णवर्णीय असे दोन्ही मजूर होते. दरिद्री गोरा मजूरही आपल्याप्रमाणेंच नाडला जातो, ही गोष्ट त्यानें तेथें प्रथम डोळ्यांनीं पाहिली. पुढील सर्व उद्योगाचें बीज या अनुभवांत होतें. १९४८ सालीं पदवी मिळाल्यावर त्यांनीं क्रोझर येथील धर्मशिक्षणालयांत तीन वर्षें अभ्यास केला. तेथें असतांना फिलाडेल्फिया शहरीं महात्मा गांधींवरील एक व्याख्यान त्यांच्या ऐकण्यांत आलें. तें त्यांच्या मनाला इतकें लागलें कीं, त्यांनीं गांधीजींविषयींचीं अनेक पुस्तकें विकत आणून वाचून काढलीं. शत्रूवर प्रीति करा ही प्रभु येशूची आज्ञा केवळ दोन माणसांपुरती नसून समाजाच्या लढ्यांतही ती पाळतां येते, ही खातरी त्यांस गांधीजींच्या चरित्रावरून पटली. १९५३ सालीं कॉरेटा स्कॉट या सुविद्य व संगीतनिपुण युवतीशीं त्यांचा विवाह झाला आणि १९५५ सालीं बॉस्टन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली.

तत्पूर्वींच, म्हणजे १९५४ सालीं, ते अलाबामा संस्थानांतील माँटगमेरी शहरीं पाळक म्हणून गेले होते. त्या गांवीं मोटारबसमध्यें कृष्णवर्णीयांस मागें बसावें लागे आणि गोरा उतारू आल्यास उठून जागा द्यावी लागे. १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स नांवाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं उठण्यास नकार दिला व त्यांस अटक झाली. शहरांतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघानें एका रात्रींत हजारों पत्रकें छापून वांटलीं. सोमवारीं कोणीही बसमध्यें पाऊल टाकूं नये असें ठरलें, आणि खरोखरच बसगाड्या रिकाम्या धावल्या. त्या दिवशीं स्थापन झालेल्या मंडळाच्या अध्यक्षपदीं तरुण किंग यांची निवड झाली. त्यांचें वय तेव्हां अवघें २६ वर्षांचें होतें.

हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. तो कोणी चालविला हें लक्षांत घेण्याजोगें आहे. बसनें जाणारे बहुतेक लोक म्हणजे दुसऱ्यांच्या घरीं धुणीं-भांडीं, स्वयंपाक करणाऱ्या बाया व रोजमजुरी करणारे पुरुष. ते वर्षभर पायीं चालले. ज्यांस चालवत नसे त्यांच्यासाठीं मोटारींची सोय केली, ती मुख्यत्वें मंडळ्यांनीं. कित्येक मंडळ्यांनीं आपल्या नांवें मोटारी विकत घेतल्या. आठवड्यांतून दोनदां ख्रिस्तमंदिरांत सभा भरत. तेथें प्रार्थना होई, गायन होई, पैशाचा हिशेब होई आणि उद्यांचें काम ठरे. जॉर्जिया गिल्मोर नांवाच्या स्वयंपाकीणबाईंनीं तर आणखी एक युक्ति काढली. शेजारपाजारच्या बायांनीं घरीं केक व जेवणाचे पदार्थ करून विकावे आणि आलेला पैसा मोटारींच्या तेलासाठीं द्यावा. देणाऱ्यांचीं नांवें उघड झालीं तर त्यांच्या नोकऱ्या जातील, म्हणून पैसा कोठून आला असें विचारल्यास कोठूनच नाहीं, असें उत्तर द्यावयाचें व संघाचें नांवही तेंच ठेवावयाचें! न्यायालयांत किंग यांच्या बाजूनें साक्ष दिल्याबद्दल या बाईंची नोकरी गेली. परंतु त्यांनीं स्वतःच्या घरींच खाणावळ थाटली आणि पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकी तेथें भरूं लागल्या.

किंग यांस या काळांत भय वाटलें नाहीं असें नाहीं. जानेवारी १९५६ मधील एका मध्यरात्रीं दूरध्वनीवरून आलेल्या जीवें मारण्याच्या धमकीनें त्यांची झोंप उडाली. घरांत पत्नी व तान्ही मुलगी झोंपली होती. ते स्वयंपाकघरांत एकटेच बसले, कॉफी केली, पण घोट घशाखालीं उतरेना. माघार कशी घ्यावी याचाच विचार मनांत चालला होता. शेवटीं डोकें हातांत धरून त्यांनीं आपली दुर्बलता देवापुढें मोठ्यानें कबूल केली. त्या प्रार्थनेनंतर मनाला जें स्थैर्य आलें तें पुढें कधीं पूर्णपणें ढळलें नाहीं. थोड्याच दिवसांनीं, ३० जानेवारीस, त्यांच्या घरावर बाँब टाकण्यांत आला. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. शस्त्रें घेऊन जमलेल्या संतप्त लोकांस त्यांनीं ओसरीवरून शांत करून घरीं पाठविलें. अखेर त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कृष्णवर्णीयांच्या बाजूनें लागला आणि डिसेंबरांत सर्व उतारू हवे तेथें बसूं लागले.

१९५९ सालच्या फेब्रुवारींत किंग पतिपत्नी हिंदुस्थानांत आलीं व सुमारें महिनाभर राहिलीं. त्यांनीं पंडित नेहरूंची भेट घेतली. गांवोगांव पायीं फिरून भूमिहीनांसाठीं जमीन मागणारे आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र विनोबा भावे यांस ते भेटले. मुंबईस गांधीजींच्या मणिभवनांत त्यांनीं मुक्काम केला. परंतु त्याच मुंबईंत रस्त्याच्या कडेला उघड्यावर झोंपलेलीं हजारों माणसें पाहून त्यांचें मन विव्हळ झालें, आणि परत गेल्यावर त्यांनीं त्याविषयीं लिहिलें. दक्षिणेंतील एक प्रसंग ते पुढें आपल्या प्रवचनांत सांगत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या एका शाळेंत मुख्याध्यापकांनीं त्यांची ओळख अमेरिकेहून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य अशी करून दिली. प्रथम त्यांस तें शब्द लागले. मग स्वदेशांतील आपल्या दोन कोटि बांधवांची स्थिति त्यांच्या डोळ्यांपुढें उभी राहिली आणि मुख्याध्यापक बोलले तें खरेंच आहे, असें त्यांनीं मनोमन मान्य केलें.

यापुढील पांच-सहा वर्षें जगाला ठाऊक आहेत. म्हणून तीं थोडक्यांत सांगतों. १९६३ सालीं बर्मिंगहॅम शहरीं शाळकरी मुलांनींही मोर्चे काढून तुरुंग भरले. त्याच वर्षीं २८ ऑगस्ट रोजीं वॉशिंग्टन येथें सुमारें अडीच लक्ष लोक जमले व किंग यांचें तें सुप्रसिद्ध भाषण झालें. त्या मोर्चाच्या नांवांत स्वातंत्र्याच्या आधीं रोजगाराचा उल्लेख होता, हें मात्र लोक विसरतात. १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला व वयाच्या ३५ व्या वर्षीं किंग यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. पारितोषिकाची सर्व रक्कम त्यांनीं चळवळीस देऊन टाकली. १९६५ सालीं मतदानाच्या हक्काचा कायदा झाला.

येथें चरित्र संपलें असतें तर तें विजयी पुरुषाचें चरित्र झालें असतें. परंतु मतदानाचा कायदा होऊन आठवडाही लोटला नाहीं तोंच लॉस अँजेलिस शहराच्या वॉट्स नांवाच्या वस्तींत भयंकर दंगल उसळली. किंग तेथें गेले. तेथील बेकार तरुणांस कायद्याचें कौतुक नव्हतें. उपाहारगृहाचें दार उघडलें खरें, पण आंत जाऊन खाण्यास गांठीं दाम नसेल तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय, हा प्रश्न किंग यांस रात्रंदिवस छळूं लागला. हक्क देण्यास सरकारला खर्च येत नाहीं. घर, काम व भाकरी देण्यास येतो. म्हणून पुढचा लढा अधिक कठीण जाणार हें त्यांनीं ओळखलें.

दारिद्र्याविषयीं दुरून बोलणें त्यांस पसंत नव्हतें. १९६६ च्या जानेवारींत त्यांनीं शिकागो शहराच्या गरीब वस्तींत एका जुन्या चाळवजा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलें. जिन्यांत मुतारीची दुर्गंधि येत असे. भाडेकरू कोण आहे हें कळल्यावर मालकानें घाईघाईनें रंगरंगोटी करून घेतली. म्हणजे नोबेल पारितोषिक मिळविलेला माणूस राहावयास येईपर्यंत त्या भिंती तशाच होत्या! तेथें भाडेकरूंचे संघ स्थापन झाले. पाळकांनीं एकजूट करून दुकानदारांस व कारखानदारांस कळविलें कीं, आमच्या वस्तींतून पैसा कमावतां तर आमच्या माणसांस कामही द्या, नाहीं तर आमच्या मंडळ्या तुमचा माल घेणार नाहींत. या उपायानें पुष्कळांस नोकऱ्या मिळाल्या. घरांच्या बाबतींत मात्र यश थोडें आलें. गोऱ्यांच्या वस्तींतून मोर्चा जात असतांना किंग यांच्या डोक्यावर धोंडा बसला. नगराधिकाऱ्यांशीं करार झाला, पण दिलेलीं वचनें बहुतांशीं कागदावरच राहिलीं.

मिसिसिपी संस्थानांत मार्क्स नांवाचें एक लहान गांव आहे. कापसाच्या मळ्यांत यंत्रें आल्यामुळें मजुरांचें काम गेलें होतें. तेथील एका बालवर्गांत किंग गेले असतां दुपारच्या जेवणाची वेळ झाली. त्यांचे जिवलग सहकारी रेव्हरंड रॅल्फ ॲबरनॅथी यांनीं तो प्रसंग लिहून ठेविला आहे. शिक्षिकेनें एक सफरचंद कापून त्याचे चार तुकडे केले आणि चार मुलांच्या हातीं एक एक तुकडा व थोडीं बिस्किटें ठेविलीं. तेंच त्यांचें जेवण होतें. किंग यांच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले व ते उठून बाहेर गेले. जगांतील सर्वांत श्रीमंत देशांत ही स्थिति होती.

१९६७ सालच्या अखेरीस त्यांनीं आपला संकल्प जाहीर केला. देशांतील दरिद्री लोकांनीं स्वतःच राजधानींत यावें, तेथें झोंपड्यांचें गांव वसवावें आणि काम, पुरेसें उत्पन्न व राहण्यास घर मिळेपर्यंत सरकारच्या डोळ्यांसमोरून हलूं नये. ही कल्पना त्यांस मिसिसिपींत गरिबांसाठीं काम करणाऱ्या मॅरियन राइट या तरुण वकीलबाईंनीं सुचविली होती. चळवळीचें हें नांवही गरीब जनतेची मोहीम असेंच होतें. त्यांत एक नवें तत्त्व होतें. आजवर गरिबांच्या वतीनें दुसरे बोलत. आतां गरिबांनीं स्वतः बोलावयाचें होतें. शिवाय हे गरीब केवळ कृष्णवर्णीय नव्हते. १४ मार्च १९६८ रोजीं अटलांटा येथें एक बैठक भरली. तींत मेक्सिकन वंशाचे शेतमजूर, मूळचे अमेरिकन इंडियन, पोर्टो रिकोचे लोक, अपलाशियन डोंगराळ मुलुखांतील दरिद्री गोरे आणि दक्षिणेंतील कृष्णवर्णीय असे निरनिराळ्या संघांचे प्रतिनिधि प्रथमच एकत्र बसले. ज्यांस शेंकडों वर्षें परस्परांविरुद्ध उभें केलें गेलें, त्यांस आपलें दुखणें एकच आहे हें त्या दिवशीं समजूं लागलें.

याच तयारींतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. सरकारी मदतीवर मुलें वाढविणाऱ्या गरीब मातांचा एक देशव्यापी संघ होता. जॉनी टिलमन या त्यांच्या अध्यक्षा स्वतः कपडे धुण्याच्या कारखान्यांत राबलेल्या होत्या. फेब्रुवारी १९६८ मध्यें किंग यांनीं शिकागो येथें त्यांची मदत मागितली. त्या स्त्रियांनीं त्यांस मदतीच्या नव्या कायद्याविषयीं एकामागून एक प्रश्न विचारले. किंग यांस उत्तर देतां येईना. तेव्हां टिलमनबाईंनीं शांतपणें सुचविलें कीं, ठाऊक नसेल तर तसें सांगावें. किंग यांनीं तत्काळ आपलें अज्ञान कबूल केलें आणि आपण शिकण्यास आलों आहों असें सांगितलें. विद्यापीठाचा डॉक्टर, नोबेल पारितोषिकाचा मानकरी, अल्पशिक्षित मातांपुढें विद्यार्थी होऊन बसला. त्यांच्या मोठेपणाचा याहून चांगला पुरावा मला दुसरा ठाऊक नाहीं.

इकडे टेनेसी संस्थानांतील मेंफिस शहरीं निराळेंच प्रकरण उद्भवलें. १ फेब्रुवारी १९६८ रोजीं पाऊस पडत असतांना एकोल कोल व रॉबर्ट वॉकर हे कचऱ्याच्या मोटारीवरील दोन कामगार आडोशासाठीं मोटारीच्या मागील भागांत शिरले. कचरा दाबण्याचें यंत्र बिघाडामुळें अकस्मात सुरू झालें आणि दोघेही चिरडून मेले. रोजंदारीवरील असल्यामुळें त्यांच्या कुटुंबांस नुकसानभरपाईचा हक्क नव्हता. तेथील सफाई कामगार गळक्या टोपल्यांतून घाण वाहून नेत. पूर्ण वेळ राबूनही कित्येकांस सरकारी मदतीवर गुजराण करावी लागे. १२ फेब्रुवारीस सुमारें १३०० कामगारांनीं काम थांबविलें. गळ्यांत पाट्या अडकवून ते रोज ओळीनें चालत. त्या पाट्यांवर पगाराचा आंकडा नव्हता. आपण माणूस आहों, एवढाच मजकूर होता. क्लेबॉर्न टेंपल हें ख्रिस्तमंदिर त्यांचें ठाणें झालें. मंडळ्यांनीं वर्गणी गोळा केली व संपकऱ्यांच्या घरीं धान्य पोंचविलें.

या कामीं पाळकांचें पुढारीपण जेम्स लॉसन या मेथडिस्ट पाळकांकडे होतें. त्यांचा आपल्या नागपुराशीं संबंध आहे. तरुणपणीं ते मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत होते व तेथें त्यांनीं गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास केला. माँटगमेरीच्या बहिष्काराची वार्ता त्यांनीं नागपुरांतच वर्तमानपत्रांत वाचली आणि अत्यानंद झाला. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं असंख्य विद्यार्थ्यांस अहिंसेचें शिक्षण दिलें. नागपूरच्या एका मिशन कॉलेजांत पेटलेला दिवा मेंफिसच्या सफाई कामगारांच्या अंगणांत उजेड पाडीत होता, ही गोष्ट आपणांस अभिमान वाटण्यासारखी आहे. लॉसन यांनींच किंग यांस मेंफिसला बोलाविलें.

किंग यांच्या सहकाऱ्यांस हें रुचलें नाहीं. राजधानींतील मोठें काम सोडून एका शहराच्या संपांत वेळ कां घालवावा, असें त्यांचें म्हणणें होतें. किंग यांस मात्र वाटलें कीं, ज्या गरिबांसाठीं आपण वॉशिंग्टनला निघालों ते तर येथेंच उभे आहेत. २८ मार्चच्या मोर्चांत कांहीं तरुणांनीं दुकानें फोडलीं, पोलिसांच्या गोळीनें एक सोळा वर्षांचा मुलगा मारला गेला, आणि देशभर किंग यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. ते अतिशय खिन्न झाले. तरीही शांततेचा मोर्चा काढून दाखविल्याशिवाय राहणार नाहीं, या निर्धारानें ते परत मेंफिसला आले. ३ एप्रिलच्या रात्रीं बाहेर वादळ गर्जत असतां त्यांनीं कामगारांपुढें चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर विवेचन केलें. याजक व लेवी यांनीं, थांबलों तर माझें काय होईल असा विचार केला असावा. शोमरोन्यानें, न थांबलों तर या जखमी मनुष्याचें काय होईल असा केला. दुसऱ्या दिवशीं, ४ एप्रिल १९६८ रोजीं, सायंकाळीं सहाच्या सुमारास निवासस्थानाच्या सज्जांत उभे असतां एका मारेकऱ्यानें त्यांस गोळी घातली. त्या वेळीं त्यांचें वय ३९ वर्षांचें होतें.

चारच दिवसांनीं कॉरेटाबाई आपल्या मुलांस घेऊन मेंफिसला आल्या आणि हजारों लोकांच्या अग्रभागीं चालल्या. तो मोर्चा निःशब्द होता. पति ज्या कामासाठीं आला होता तें त्यांनीं आधीं पुरें केलें आणि मग, ९ एप्रिलला, त्याला मूठमाती दिली. अटलांटांत त्यांची शवपेटी शेतकऱ्याच्या साध्या लांकडी गाडीवर ठेवून ती दोन खेंचरांकरवीं ओढून नेली. १६ एप्रिलला मेंफिसच्या नगरपालिकेनें कामगारांच्या संघास मान्यता दिली व वेतन वाढविलें.

मोहीमही थांबली नाहीं. मे महिन्यांत गरिबांचे तांडे निरनिराळ्या दिशांनीं राजधानीकडे निघाले. ज्या मार्क्स गांवीं किंग रडले होते तेथून खेंचरांच्या गाड्यांचा तांडा निघाला. लिंकन यांच्या स्मारकाजवळील मैदानावर फळ्यांच्या झोंपड्या उभ्या राहिल्या. त्या वस्तीचें नांव पुनरुत्थाननगर. तेथें भोजनगृह होतें, दवाखाना होता, मुलांची शाळा होती. परंतु पावसानें कहर केला. चिखल गुडघ्यापर्यंत आला. आंत तंटेबखेडेही झाले, आणि किंग यांच्यासारखा पुढारी नव्हता. १९ जूनला पन्नास हजारांवर लोक सभेस जमले. परवान्याची मुदत संपतांच २४ जूनला पोलिसांनीं वस्ती उठविली. मागितलें होतें त्याचा लहानसा अंशच मिळाला. अत्यंत दरिद्री जिल्ह्यांत सरकारी अन्नवांटप वाढलें आणि शाळकरी मुलांच्या जेवणासाठीं अधिक पैसा मंजूर झाला. काम व उत्पन्नाची हमी मिळाली नाहीं. पुष्कळांनीं मोहीम फसली असेंच लिहिलें. परंतु पेरलेलें बीं जमिनींत राहिलें. पन्नास वर्षांनीं, २०१८ सालीं, रेव्हरंड विल्यम बार्बर व रेव्हरंड लिझ थिओहॅरिस या दोन पाळकांनीं त्याच नांवानें मोहीम पुन्हां उभारली आणि अनेक संस्थानांतील गरीब लोक तींत सामील झाले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावें? भुकेल्यास घांस देणें हें धर्मकृत्य आहेच. आमच्या मंडळ्या, आमची शाळा व कित्येक पालक तें करीत असतात. किंग यांनीं त्याला कमी लेखिलें नाहीं. परंतु यरीहोच्या वाटेवर रोज एक मनुष्य लुटला जात असेल तर रोज एकाला मलमपट्टी करून भागणार नाहीं, ती वाटच निर्धोक केली पाहिजे, असें ते शिकवीत. आणि ती वाट निर्धोक करण्याचें काम एकटा दाता करूं शकत नाहीं. लुटल्या गेलेल्यांनीं एकमेकांचा हात धरावा लागतो, आणि धर्मशील मंडळीनें त्यांच्या पुढें नव्हे, त्यांच्या बरोबर चालावें लागतें.

येथें स्वतःविषयीं दोन शब्द लिहितों. प्रस्तुत लेखक वसतिगृहांत राहून नादारीवर शिकलेला आहे. वर्गांत नादार विद्यार्थ्यांचीं नांवें मोठ्यानें वाचलीं जात, तेव्हां आम्ही सात-आठ मुलें खालीं मान घालून उभीं राहत असूं. कोणीही दुसऱ्याकडे पाहत नसे. आज वाटतें, त्या दिवशीं आम्हीं फक्त मान वर करून एकमेकांकडे पाहिलें असतें तरी पुष्कळ झालें असतें. दारिद्र्याची लाज माणसाला एकटें पाडते, आणि एकटा माणूस कांहीं मागूं शकत नाहीं. माँटगमेरीच्या मोलकरणींनीं, मेंफिसच्या सफाई कामगारांनीं प्रथम केलें तें हेंच कीं, त्यांनीं मान वर केली.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें मोठे पदवीधर व्हाल, कोणी अधिकारी व्हाल. तेव्हां टिलमनबाईंपुढें बसलेले किंग आठवा, आणि जें ठाऊक नाहीं तें गरिबाला विचारण्यास लाजूं नका. आणि त्यासाठीं मोठे होईपर्यंत वाट पाहण्याचेंही कारण नाहीं. शाळेचें हें आवार पहाटे झाडून स्वच्छ करणाऱ्या माणसाचें नांव तुमच्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे? उद्यां शाळेंत येतांना तें विचारून घ्या. आपणही माणूस आहों हें त्यानें पाटीवर लिहून सांगण्याची पाळी त्याच्यावर येऊं नये.